मेट्रोला सुरक्षा आयुक्त लागतो, मग गगनयानाला का नको?

संपादक महोदय,

गगनयानाचे वेळापत्रक पुढे सरकले की या सदरात दोन तऱ्हेची पत्रे येतात. एकात इस्रोला 'कधी उडणार ते एकदाचे सांगा' असे खडसावलेले असते, दुसऱ्यात 'शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवा' असे बजावलेले असते. एक प्रश्न मात्र दोन्ही पत्रांतून निसटतो. 'या यानात माणूस बसवायला हरकत नाही' या कागदावर सही कोणाची असणार? आणि सही करणारा यान बांधणाऱ्यांच्याच घरातला असणार का?

१५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून २०२२ ही मुदत जाहीर झाली होती. मे २०२५ मध्ये इस्रोच्या अध्यक्षांनी पहिल्या मानवी उड्डाणासाठी २०२७ ची पहिली तिमाही सांगितली. मधल्या काळात व्याप्ती वाढली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने अंतराळ स्थानकाचा पहिला भाग या कार्यक्रमात घातला, ११,१७० कोटी वाढवून एकूण रक्कम २०,१९३ कोटींवर नेली आणि डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमांचे उद्दिष्ट ठेवले. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. अमृतमहोत्सवाची तारीख गाठायची म्हणून अर्धवट तपासलेले यान उडवले नाही, याबद्दल इस्रोचे आभारच मानायला हवेत. पण ही सावधगिरी त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या शहाणपणावर टिकून आहे, कायद्यावर नाही. पुढच्या वेळी मुदत निवडणुकीच्या तोंडावर आली आणि खुर्चीत दुसरे कोणी असले, तर?

मुंबई, पुणे, नागपूरकरांना मेट्रोची रीत ठाऊक आहे. रूळ पडले, स्थानके सजली, उद्घाटनाची तारीख मंत्र्यांनी सांगूनही टाकली, तरी 'सीएमआरएस'चे प्रमाणपत्र आल्याशिवाय एकही प्रवासी गाडीत चढत नाही. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतः येऊन ब्रेक, सिग्नल, आग लागल्यास बाहेर पडायची वाट हे सारे पाहतात. कधी अटी घालून परवानगी देतात, कधी त्रुटी काढून परत पाठवतात. गंमत अशी की हा आयुक्त ना मेट्रो कंपनीचा नोकर, ना रेल्वे मंत्रालयाचा. तो नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाखाली येतो. रुळांवरच्या गाड्या तपासणारा माणूस विमानखात्यात कशाला, असे वाटेल. पण ते जाणूनबुजून केलेले आहे. गाड्या चालवणाऱ्यानेच त्यांची सुरक्षा तपासू नये म्हणून १९४१ मध्येच ही तपासणी यंत्रणा रेल्वे बोर्डापासून तोडली गेली. म्हणजे मी मागतो आहे ती कल्पना परदेशातून आणायची नाही, आपल्याकडे ती ऐंशी वर्षांहून अधिक काळ राबते आहे.

आता अंतराळ खात्याकडे पाहा. इस्रोचा अध्यक्ष, अंतराळ विभागाचा सचिव आणि अंतराळ आयोगाचा अध्यक्ष ही एकच व्यक्ती. उड्डाणापूर्वी मोहीम सज्जता आढावा समिती बसते, मग प्रक्षेपणाला मंजुरी देणारे मंडळ बसते. तिथली माणसे तज्ज्ञ आहेत, प्रामाणिकही आहेत. पण घर एकच. खासगी कंपन्यांना परवाने देणारी 'इन-स्पेस' ही संस्थाही त्याच विभागाखाली, आणि तिला संसदेच्या कायद्याचा आधार नाही. अंतराळ धोरण २०२३ मध्ये आले, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये सूचनांसाठी बाहेर आला आणि तिथेच राहिला.

बाहेरच्या तपासनीसाने नेमके काय पाहायचे, असे कोणी विचारेल. बूस्टरपासूनच सुरुवात करू. गगनयानाच्या रॉकेटला दोन्ही बाजूंनी घन इंधनाचे एकेक बूस्टर असते. माणसांसाठी सुधारलेल्या या बूस्टरची १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोटात जमिनीवर चाचणी झाली. २०३ टन इंधन १३५ सेकंद जळले. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही. बूस्टरचे नळकांडे ३.२ मीटर व्यासाचे. ते अखंड नसते, तीन भाग एकावर एक रचून तयार होते (असे भाग आपल्या पवईत आणि वालचंदनगरलाही बनतात). दोन भागांच्या सांध्यातून आतला तप्त वायू बाहेर फुटू नये म्हणून तिथे उष्णतारोधक थर आणि रबरी कडी असतात. काम कुकरच्या रिंगचेच. फक्त इथे शिट्टी होऊन भागत नाही.

अमेरिकी अंतराळसंस्था नासाचे 'चॅलेंजर' यान गेले ते याच जागेने. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत नासाला सांगितले होते की सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. वर्षभरापूर्वी तेवढ्याच तापमानाला उडालेल्या यानाच्या बूस्टरमध्ये वायू पहिल्या कड्याला ओलांडून गेल्याच्या काळ्या खुणा सापडल्या होत्या. थंडीत रबर ताठ होते, सांधा किंचित उघडला तर ते वेळेवर फुगून फट भरत नाही, इतके साधे कारण. नासाच्या अधिकाऱ्यांनी त्रागा केला. कंपनीच्या वरिष्ठांनी पाच मिनिटांची सुटी मागितली, ती अर्धा तास चालली; त्यात त्यांनी आपल्याच अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला 'आता अभियंत्याची टोपी काढ, व्यवस्थापकाची घाल' असे सुनावले आणि परत येऊन होकार कळवला. त्या होकारावर सही करायला कंपनीचे त्या जागेवरचे प्रतिनिधी ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी नकार दिला, तर सही वरिष्ठाकडून फॅक्सने आली. सकाळी तापमान दोन अंशांच्या आसपास होते. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही जण गेले. अंतिम निर्णय घेणाऱ्या नासाच्या वरच्या फळीला रात्रीचा हा वाद माहीतच नव्हता.

श्रीहरिकोटात तशी थंडी नाही, हे खरे. आपल्या बूस्टरचे सांधे सुधारलेले आहेत, हेही खरे. पण मला त्या गोष्टीतल्या रबरापेक्षा फॅक्सची काळजी जास्त वाटते. कनिष्ठ अभियंत्याचा लेखी विरोध प्रक्षेपण मंडळाच्या टेबलावर पोचलाच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे कोणत्या कायद्यात आहे? घरातल्या बैठकीत विरोधाचा सूर सगळ्यात आधी मऊ होतो. बाहेरचा माणूस बसलेला असला की तो कागदावर उतरतो.

दुसरी जागा पॅराशूटची. क्रू मॉड्यूलमध्ये, म्हणजे माणसे बसतात त्या कुपीत, एकूण दहा पॅराशूट असतात. आधी दोन लहान पॅराशूट वरचे झाकण ओढून काढतात. मग दोन ड्रोग पॅराशूट यानाचे डोलणे थांबवून वेग कमी करतात. त्यानंतर तीन पायलट पॅराशूट तीन मुख्य पॅराशूटना बाहेर खेचतात. तीनपैकी दोन उघडली तरी यान सुखरूप उतरावे, असा हिशेब आहे. मुख्य पॅराशूट एकदम पूर्ण फुगू देत नाहीत, नाहीतर झटक्याने कापड किंवा दोर तुटेल. त्याचा घेर दोरीने आवळलेला असतो. ते काही सेकंद अर्धवट फुगते, मग ती दोरी कापली जाऊन पूर्ण उघडते. खरी मेख इथेच. दोन पॅराशूटच्या दोऱ्या एकाच क्षणी कापल्या गेल्या नाहीत तर आधी उघडलेल्या पॅराशूटवर दोघांचा भार येतो, आणि ते फाटले तर दुसऱ्याला एकट्याने सगळे पेलावे लागते. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी झाशीजवळच्या बबिना येथे नेमकी हीच वाईट परिस्थिती मुद्दाम घडवून पाहिली: आयएल-७६ विमानातून अडीच किलोमीटर उंचीवरून मॉड्यूलच्या वजनाचा ठोकळा टाकला आणि दोन मुख्य पॅराशूट वेगवेगळ्या वेळी पूर्ण उघडतील असे केले. चाचणी यशस्वी झाली. कौतुकाची गोष्ट आहे, कारण सोपी चाचणी करून टाळ्या घेणे केव्हाही सोपे असते.

पण बाहेरचा तपासनीस यापुढचे विचारेल. दोरांवर मोजलेला सर्वाधिक ताण हिशेबातल्या ताणाच्या किती जवळ गेला? प्रत्यक्ष उड्डाणाचे पॅराशूट त्याच कापडाच्या लॉटमधले आहे का? घडी कोणी घातली, दुसऱ्या कोणी तपासली, आणि घडी घालून किती महिने ठेवलेले चालते? उड्डाण लांबले तर पॅराशूट पुन्हा उघडून घडी घालायचे की नाही, हे कोण ठरवते? वृत्तपत्रांत आपल्याला 'चाचणी यशस्वी' एवढीच ओळ मिळते.

मानवरहित उड्डाणे किती झाली म्हणजे पुरे, या प्रश्नाला विज्ञानाकडे नेमके उत्तर नाही, आणि म्हणूनच त्यात राजकारण शिरते. सोव्हिएत संघाने १९६७ मध्ये व्लादिमीर कोमारोव यांना सोयूझ-१ मधून पाठवले, तेव्हा आधीच्या मानवरहित उड्डाणांपैकी एकही सुरळीत झाले नव्हते. परतताना मुख्य पॅराशूट बाहेर आले नाही, राखीव पॅराशूट गुंतले आणि कोमारोव गेले. अलीकडचे उदाहरण बोइंगच्या स्टारलायनरचे. डिसेंबर २०१९ च्या पहिल्या मानवरहित उड्डाणात यानाचे घड्याळ अकरा तास चुकीचे लागले आणि यान स्थानकापर्यंत पोचलेच नाही. ते साऱ्या जगाने पाहिले. पण त्याच उड्डाणात संगणकप्रणालीची आणखी एक चूक निघाली होती: परतताना सुटे झालेले सर्व्हिस मॉड्यूल माणसांच्या कुपीवर आदळू शकले असते. ही दुसरी चूक लोकांना प्रथम कळली ती नासाच्या किंवा बोइंगच्या पत्रकातून नव्हे, तर ६ फेब्रुवारी २०२० रोजी अंतराळ सुरक्षा सल्लागार मंडळाच्या जाहीर बैठकीत. अपोलो-१ च्या आगीत तिघे गेल्यावर अमेरिकी संसदेने १९६८ मध्ये हे मंडळ स्थापले. ते नासाला आणि संसदेला दोघांनाही अहवाल देते, आणि तो कोणीही वाचू शकतो. मे २०२२ च्या दुसऱ्या मानवरहित उड्डाणात काही थ्रस्टर (यानाला वळवणारी छोटी इंजिने) बंद पडले, तरी काम भागले म्हणून पुढे गेले. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यात बसले तेव्हा थ्रस्टर पुन्हा बंद पडले, हेलियम गळू लागले, आणि शेवटी यान रिकामे परत आणावे लागले. मंडळ असूनही हे झाले, हे मान्य. बाहेरचा डोळा म्हणजे जादूची कांडी नव्हे.

त्याचा उपयोग मात्र इस्रोने स्वतःच दाखवून दिला आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांना घेऊन जाणाऱ्या फाल्कन-९ रॉकेटच्या तपासणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ती पूर्ण दुरुस्त होऊन पुन्हा तपासली जाईपर्यंत उडायचे नाही, असा आग्रह फ्लोरिडात गेलेल्या इस्रोच्या पथकाने धरला, आणि अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर ते अभिमानाने जाहीरपणे सांगितले. उड्डाण ११ जूनवरून अखेर २५ जूनला झाले. यजमानाच्या घाईला न जुमानता पाहुण्याने 'थांबा' म्हटले. मग श्रीहरिकोटात असा पाहुणा कोण?

अपयशाचे अहवाल हा दुखरा भाग आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट पडले, तेव्हा इस्रोने कारण लोकांसमोर ठेवले होते. द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह गळत होता, त्यामुळे क्रायोजेनिक इंजिन पेटायच्या वेळी टाकीत पुरेसा दाबच उरला नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, तेव्हाही सविस्तर कारण छापले: दुसरा टप्पा सुटताना इतका कंप झाला की क्षणभर वेगवाढ मोजणारी यंत्रे मोजमापाच्या बाहेर गेली, संगणकाने ती सगळी नादुरुस्त ठरवली, आणि यान अंदाजाने चालवावे लागले. ती वाचून विद्यार्थीही शिकले. मग १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात दाब घसरून उपग्रह गेला. समिती बसली, पण तिचा अहवाल लोकांपुढे न येताच १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ उडाले, आणि त्याचीही गडबड तिसऱ्या टप्प्याच्या शेवटाकडेच झाली. पीएसएलव्हीचा तो टप्पा गगनयानाच्या रॉकेटमध्ये नाही, म्हणून उगाच घाबरायचे कारण नाही. प्रश्न यंत्राचा नाही, सवयीचा आहे. जी संस्था चार वर्षांपूर्वी सांगत होती ती आता सांगेनाशी झाली, कारण सांगायचे की नाही हे तिच्याच मर्जीवर आहे. याउलट १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात बाहेर आला, कारण विमान अपघाताच्या चौकशीला नियम आहेत आणि चौकशी विमान कंपनीकडे नसते. त्या अहवालावर वाद झाले. पण वाद घालायला हातात कागद होता.

म्हणून मागणी मोजकी आहे. अंतराळ विधेयक पुन्हा मांडले जाईल तेव्हा त्यात मानवी उड्डाणासाठी वेगळे प्रकरण असावे. अंतराळ विभागाबाहेरचा, ठरावीक मुदतीचा, मधूनच काढून टाकता न येणारा मानवी अंतराळ सुरक्षा आयुक्त असावा. मानवरहित उड्डाणांची सर्व नोंद त्याला पाहता यावी, कोणत्याही अभियंत्याला थेट त्याच्याकडे लेखी विरोध नोंदवता यावा, आणि त्याच्या प्रमाणपत्राशिवाय कोणीही यानात बसू नये. सरकारला त्याचे मत डावलायचे असेल तर खुशाल डावलावे, पण लेखी आणि संसदेपुढे. अपघात झालाच तर चौकशी कोणी करायची हे आधीच लिहून ठेवावे. २००५ च्या अमेरिकी कायद्याने सात दिवसांत स्वतंत्र आयोग नेमणे राष्ट्राध्यक्षांवर बंधनकारक केले आहे. कल्पना चावला गेल्या त्या 'कोलंबिया' अपघातानंतरचे हे शहाणपण. त्या अपघाताच्या चौकशी मंडळाने सात महिन्यांच्या आत अहवाल छापला, आणि त्यात पंखावर आदळलेल्या पाऊण किलोच्या फोमच्या तुकड्याइतकीच जागा नासातल्या वेळापत्रकाच्या दडपणाला दिली.

याला दोन हरकती नेहमी येतात. पहिली, इस्रोबाहेर एवढे जाणकार आहेतच कुठे? आहेत. बंगळुरूची हवाई दलाची वैमानिकी वैद्यक संस्था, संरक्षण संशोधन संस्थेची लष्करी विमानांना योग्यता प्रमाणपत्र देणारी यंत्रणा, आयआयटी, आणि इस्रोतूनच निवृत्त झालेले पण आता कोणाच्या हाताखाली नसलेले लोक. पंधरा-वीस जणांचे कार्यालय पुरते. दुसरी हरकत गुप्ततेची. रॉकेटचा आराखडा छापा असे कोणी म्हणत नाही. व्हॉल्व्ह गळला, हे सांगितल्याने एफ१० चे कोणते गुपित फुटले?

तिसरी एक हरकत कोणी उघड बोलत नाही: उशीर आणखी वाढेल. मेट्रोची तपासणी काही आठवड्यांत उरकते. दोन-चार आठवडे वाढले तर वाढोत. २०२२ चे २०२७ झाले तेव्हा आकाश कोसळले नाही.

विधेयकाला वेळ लागेल. तोपर्यंत महाराष्ट्रातले कोणतेही खासदार येत्या अधिवेशनात तीन प्रश्न विचारू शकतात. गगनयानाच्या मानवी उड्डाणाला अंतिम प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळावर अंतराळ विभागाबाहेरचे सदस्य किती? पीएसएलव्ही-सी६१ आणि सी६२ च्या चौकशी समित्यांचे निष्कर्ष सभागृहाच्या पटलावर केव्हा ठेवणार? आणि गगनयानाच्या मानवरहित उड्डाणात त्रुटी आढळली, तर उड्डाण पुन्हा करायचे की माणूस बसवायचा, याचा निकष आत्ता, उड्डाणाच्या आधी, लिहून ठेवला आहे का?

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे